आत्यासाठी गाडी तीन इंच वर

आमच्या घराण्यात आजवर कुणीही साडेपाच फुटांच्या वर गेलेलं नाही. वर गेली ती फक्त गाडी, आणि तीही तीन इंच.

त्याला कारण आमची शेवंताआत्या. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. सगळी नोकरी तिने दवाखान्यात नर्स म्हणून काढली. शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीत तिच्या नावावर दोन गुंठे जागा होती, ती तिने बुद्धविहारासाठी देऊन टाकली. विहार बांधून झाला. बुद्धपौर्णिमेला सकाळी साडेदहाला उद्घाटन आणि फीत आत्यानेच कापायची, असं वाडीनं ठरवलं. पण गुडघ्यांमुळे आत्या सात-आठ वर्षं वाडीला गेलेली नव्हती. "मी हाय की! मी नेतो तुला," असं मी छाती काढून सांगितलं.

छाती काढायला कारण होतं माझी गाडी. जुनीच घेतलेली, पण चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी, मागे लांबलचक डिकी असलेली निळी गाडी. मंगळवार पेठेत राहून शाळेत भूगोल शिकवणाऱ्या माणसाला असली गाडी कशाला लागते, असं माझ्या बायकोने, वैशालीने, विचारून झालं होतं. आबा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "त्याच रस्त्यानं मी मागच्या चाकांच्या जोरावर साठ माणसं नेली. टपावर कोंबड्या येगळ्या. तुला चार माणसं न्यायला चार चाकांचा जोर लागतोय व्हय? माणशी एक?"

झोंबलं! त्यात उद्घाटनाच्या महिनाभर आधी रस्ता बघून यावा म्हणून आबा आणि मी वाडीला गेलो, तर शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये गाडीचं पोट जांभ्या दगडांवर खरडून निघालं. प्रत्येक खरडीला आबा डोळे मिटून घ्यायचे, जणू काही त्यांच्याच पोटाला लागतंय. आत्याला असले दणके बसू द्यायचे नाहीत, गाडी उचलून घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं.

उद्यमनगरात बशीरभाईंचं गॅरेज आहे. माणूस जुना आणि जाणकार. गाडीखाली बराच वेळ डोकं घालून ते बाहेर आले.

"सर, स्प्रिंगवर चकत्या बसवू. दीड इंच वर यील. बास."

"तीन करा."

"नको. हिच्या चारी चाकांना दांडं जात्यात. गाडी लई वर गेली की दांडं तिरकं हुत्यात. जोड न्हाई सोसायचा."

"बशीरभाई, मी भूगोल शिकवतो. उंचीचं मला सांगू नका!" (हे वाक्य मी खरंच बोललो. साक्षीदार आहेत.)

बशीरभाईंनी हात पुसले. "तुमची गाडी, तुमचं इंच. पर मी नको म्हणालतो, येवढं ध्यानात ठेवा."

गाडी तीन इंच वर आली. काय दिसत होती! गल्लीत रिक्षा तिच्यापुढे अंग चोरून जायला लागल्या. मी चार दिवस दारात उभा राहून तिच्याकडे बघत चहा प्यालो. पण ज्या गुडघ्यांसाठी गाडी वर उचलली, ते गुडघे त्या गाडीत चढणार कसे, हे काही त्या चार दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही.

आत्याच्या मात्र ते पहिल्याच नजरेत ध्यानात आलं. पौर्णिमेला सकाळी सात वाजता ती पांढरीशुभ्र साडी नेसून रिक्षाने आमच्या दारात आली, गाडीकडे खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मिलिंदा, गाडी कुठं लावलीस? आणि ही माडी कुणाची?"

स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावर आत्या, मागून आधाराला वैशाली, पलीकडच्या दारातून आत घुसून हात ओढणारा मी, आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून हुकूम देणारे आबा.

"अक्का, डावा पाय! डावा! मिल्या, वड की!"

"वडतोय!"

"तू वडतोयस, का ती तुला वडायलीय?"

तेवढ्यात आत्या एकदम आत आली. सगळीच आली! मी मागे कलंडलो, ती आडवी झाली आणि तिचा कोपर बरोबर स्टिअरिंगच्या मधोमध बसला. हॉर्न सुरू! खाली मी, वर आत्या, दोघांनाही हलता येईना आणि हॉर्न काही थांबेना. सगळी गल्ली बाहेर आली. समोरच्या काकूंनी विचारलं, "लग्नाला निघालाय व्हय?" शेवटी वैशालीने आत्याला सरळ बसवलं. आत्याने पदर नीट केला आणि जाहीर केलं, "आता मी उतरत न्हाई. फीत हितंच आणा."

पन्हाळा मागे पडेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. आत्या पुढच्या सीटवर ऐटीत बसली होती. "उसाच्या वरनं पलीकडचं दिसतंय की रं!" म्हणाली. मी आरशातून आबांकडे विजयी नजर टाकली. पण आबांनी मान तिरकी करून कान लावला होता.

"मिल्या, टकटक येतंय."

"खडी उडत असंल."

"खडी येवढी तालात उडत न्हाई."

वाडीच्या रस्त्याला लागलो. पोट कुठेही खरडलं नाही! एक किलोमीटर झाला. टकटकीचं ठकठक झालं. मग एका खड्ड्यातून वर येताना समोरून 'खाडकन्' आवाज आला, आणि इंजिन जोरात बोंबलत असताना गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी खाली वाकून बघितलं. पुढच्या चाकाचा दांडा जोडातून निसटून लोंबत होता आणि खाली ग्रीस सांडलं होतं. चारही चाकं ओढणारी गाडी आता एकाही चाकाने ओढेना! वाजले होते दहा.

"उतर अक्का, चालत जाऊ हळूहळू," आबा म्हणाले.

"कशी उतरू? तुझ्या ल्योकानं मला माळ्यावर ठेवलीया."

बरोबर घेतलेलं स्टूल लावून बघितलं. खाली दगड, स्टूल डुगडुगतंय. आत्याने एक पाय बाहेर काढला आणि परत आत घेतला. मग ती समोर वाडीच्या झाडांकडे बघत राहिली. लाऊडस्पीकरचा आवाज तिथपर्यंत येत होता. तिचे डोळे भरले होते. आयुष्यभर लोकांना इंजेक्शनं देताना जिची पापणी लवली नाही, ती आत्या! मला गाडीखाली जाऊन तिथेच राहावंसं वाटलं.

तेवढ्यात मागून विहारातल्या खिरीसाठी दूध घेऊन निघालेला तीनचाकी टेम्पो आला. "काय पावणं, गाडी लई उच्च हाय!" म्हणत टेम्पोवाला उतरला. सगळा प्रकार बघून त्याने टेम्पो शेजारच्या मोकळ्या शेतात घातला. आबांच्या अंगात तीस वर्षांची नोकरी परत संचारली. "यिऊ दे, यिऊ दे, यिऊ दे... बास!" टेम्पोचा फाळका आत्याच्या दारापाशी येऊन टेकला. आणि काय सांगू, सीट आणि फाळका अगदी एका उंचीला! आत्या सीटवरून नुसती सरकली आणि टेम्पोत जाऊन बसली. माझ्या तीन इंचांचा सगळ्या दिवसात झालेला उपयोग एवढाच.

आत्या आणि आबा दोन रिकामे कॅन उपडे करून त्यांवर बसले, वैशाली त्यांना धरून, मी मागे लटकून. माझ्या गाडीच्या कडेने अंग चोरून टेम्पो पुढे निघाला, आणि बहीण-भाऊ मला विसरून गेले.

"सख्या, हितं आंबा हुता की रं."

"पडला वादळात."

"तू वर चढून बसायचास, आणि मी खाली दोघांची दप्तरं धरून उभी. शाळंला रोज उशीर."

"पुढं मी तुझ्यासाठी थांबा नसताना एसटी थांबवायचो, ते इसारलीस व्हय?"

"आणि मी सगळ्यांदेखत तुला शिव्या द्यायची!"

आबा हसले. इतके हसले, की टेम्पोवाल्याने मागे वळून बघितलं. आबांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर ते फार वर्षं राहिले नाहीत.

आत्या टेम्पोतून वाडीत शिरली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. चार बायांनी तिला अलगद उतरवून घेतलं. ठीक साडेदहाला तिने फीत कापली. वंदना झाली, भाषणं झाली. जागेबद्दल आत्याचे, दुधाबद्दल आणि आत्याबद्दल टेम्पोवाल्याचे आभार मानून झाले. माझं नाव आता येईल, मग येईल म्हणून मी शर्ट नीट केला. तेवढ्यात कुणीतरी धावत जाऊन निवेदकाच्या कानात काहीतरी सांगितलं.

"एक महत्त्वाची सूचना! जेवणाची गाडी मागं अडकून पडली हाय. वाटंत मधोमध एक उंच निळी गाडी कुणीतरी शहाण्यानं उभी केलीया. ती ज्या कुणाची आसंल, त्येनं ताबडतोब फुडं यावं!"

भुकेजलेली चारशे माणसं माना वळवून त्या शहाण्याला शोधू लागली.

मीही उठून, टाचा उंच करून, जरा रागानेच इकडेतिकडे बघायला लागलो.