अढीतला आकडा

हापूस पेंढ्यात घालून पिकवायची अढी आमच्याकडे सासरे सांभाळत. पेंढ्यात हात खुपसायचा, आतली ऊब बघायची आणि आंबा कधी परतायचा, खालचा वर करायचा, ते सांगायचं. मधुमेहाने त्यांची बोटं बधिर झाली. त्या हंगामात अर्धी अढी उबून काळी पडली तरी त्यांना कळलं नाही. धाकटे दीर म्हणाले, पुढच्या वर्षापासून अढी गडी बघतील. सासऱ्यांनी अढीच्या खोलीकडे जाणंच बंद केलं.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. दोन हजार तीन-चार साल असेल. प्रयोगशाळेत मुलांकडून करून घेत होते तेच घरी केलं: एक मायक्रोकंट्रोलर, तापमानाचा सेन्सर, दोन ओळींचा छोटा डिस्प्ले. सगळं साबणाच्या डबीत बसवलं. खाऱ्या हवेत सोल्डरिंग हिरवं पडतं, म्हणून त्यावर नेलपॉलिश फासलं. माझ्याकडे नेलपॉलिशचा तेवढाच उपयोग.

पुस्तकात असतं तसा सेन्सर खोलीच्या मधोमध तुळईला टांगला. चार दिवस आकडा एकतीसवरून हलेना. सासऱ्यांनी दारातूनच पाहिलं.

"अगो, मी काय तुळईला हात लावून बघत होतो?"

बरोबर होतं. वायर वाढवली, सेन्सर काठीच्या टोकाला बांधला आणि पेंढ्यात खुपसला. आकडा चढला. पण कितीवर आंबा परतायचा हे मला कुठे ठाऊक? सासऱ्यांच्या बोटांची जाणीव गेली होती, कोपराची शाबूत होती. बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं बघा, म्हटलं. गुडघे दुखत असताना ते पेंढ्यावर आडवे झाले. कोपराला पुरेशी ऊब लागली की "आता" म्हणत, मी आकडा वहीत लिहून घेई. चार अढ्यांमध्ये मिळून पस्तीस ठरला.

मग दीर आले. त्यांनी डबी कौतुकाने पाहिली आणि मनापासून म्हणाले, "बाबा, आकडा तर गडीही वाचेल. तुम्ही कशाला त्रास घेता?"

ती सोय मीच करून ठेवली होती.

सासऱ्यांनी डिस्प्ले पाहिला. पस्तीस. वहीप्रमाणे परतायलाच हवा होता.

"हा खाडीकडच्या कलमांचा. साल जाड आहे. उद्या."

दीर माझ्याकडे बघायला लागले. कलम कुठलं, हे माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेच नव्हतं.

"मामंजी म्हणतात तर उद्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी परतला. आंबा चांगला निघाला. आदल्या दिवशी परतला असता तरी कदाचित निघाला असता; ते कुणी तपासलं नाही. त्यानंतर गडी अढीच्या दारातून आकडा ओरडून सांगायचा आणि सासरे पडवीतल्या खुर्चीवरून काय करायचं ते सांगायचे.