भाकरी येत नाही, असं सांगून

चाकणच्या कंपन्यांत मोजमापाची मशिनं शिकवायला मी वरचेवर येते आणि आले की महिनाभर तरी राहते. आठवडा कसाही निघतो. शिफ्ट असते, कँटीन असतं, समोर कुणीतरी बसलेलं असतं. रविवार मात्र खायला उठतो. लॉजवर ताट खोलीत आणून देतात आणि मी टीव्हीतल्या माणसांकडं बघत जेवते. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला, लातूरच्या घराला कुलूप. एकटीनं जेवायचा मला कंटाळा येतो असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर भीती वाटते.

म्हणून कंपनीतल्या एकीनं चऱ्होलीच्या काकूंबद्दल सांगितलं, तेव्हा माझे कान टवकारले. या काकू रविवारी परदेशी पाहुण्यांना आपला स्वयंपाक शिकवतात, आणि मग सगळे एका पंगतीत जेवतात. मी फक्त पंगत तेवढी ऐकली.

फोनवर काकू म्हणाल्या, "तुमी तर मराठीच हाय की. तुमाला कशाला क्लास?"

"भाकरी येत नाही हो, काकू. सगळा जन्म नोकरीत गेला."

धडधडीत खोटं. लातूरच्या बाईला भाकरी येत नाही म्हणे! पण जीभ रेटून बोलले, आणि काकूंनी बोलावलं.

काकूंचा बंगला शेत विकून बांधलेला. चहूकडं टॉवर उठलेत, मागं दोन म्हशी मात्र अजून आहेत. शिकायला एक कोरियन नवराबायको आणि एक उंच जर्मन इंजिनिअर. रस्सा झाला, ठेचा झाला. जर्मन मिरच्या कुटताना शिंकून बेजार, आम्ही हसून बेजार. इतकी हसले, की माझं मलाच नवल वाटलं.

मग परात पुढं आली. पहिली भाकरी मी मन लावून बिघडवली. पीठ मुद्दाम घट्ट ठेवलं, काठ फाटू दिले. काकू म्हणाल्या, "आसू दे, जमंल हळूहळू." दुसऱ्या भाकरीच्या वेळी जर्मन विचारायला लागला, की पीठ गरम पाण्यात का भिजवायचं. मी त्याच्याकडं वळून उत्तर द्यायला लागले आणि तिथंच घात झाला. हातांनी आपलं काम सुरू केलं. भाकरी परातीत गरगर फिरली, तव्यावर पडली, वरून पाणी फिरलं, उलटली आणि विस्तवावर टम्म फुगली. कोरियन बाईनं टाळ्या वाजवल्या.

काकूंनी भाकरीकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. "ह्यो हात आजचा न्हाई," त्या म्हणाल्या.

मी ओशाळले. आता चांगलं ऐकवणार, असं वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला. "लई बरं झालं बाई! सून माहेरला गेलीया, माझं गुडघं बोलायला लागल्यात. तू तव्यापाशी थांब. मी ह्यांना वाढते."

'तुमी'ची 'तू' कधी झाले कळलंच नाही. क्षणभर बरंच वाटलं.

पंगत बाहेर पडवीत बसली. मी आत भाकऱ्या थापत राहिले. बाहेरून हसू ऐकू यायचं, काकू दारात येऊन "आन की गरम" म्हणायच्या, मी ताटलीत भाकरी द्यायचे, त्या जायच्या. पाहुण्यांनी हट्ट करून काकूंनाही खाली बसवलं, तेव्हापासून भाकरी न्यायला जर्मन येऊ लागला. प्रत्येक वेळी हात जोडून "धन्यवाद" म्हणायचा. आमच्याकडं तव्यापुढची बाई शेवटी जेवते. माझी आई अशीच जेवली, मीही संसारात अशीच जेवले. पण तेव्हा बाहेर जेवणारी माणसं माझी होती.

सगळ्यांचे हात धुऊन झाले, फोटो निघाले, गाड्या गेल्या. काकू पाय पसरून पडवीत टेकल्या होत्या. आतच मी माझं ताट वाढून घेतलं. रस्सा निवला होता. ओट्याला टेकून, भिंतीकडं तोंड करून जेवले. रस्सा चांगला झाला होता, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

निघताना काकूंनी पाठीवरून हात फिरवला. "आता तुला काय शिकवायचं? तू घरचीच. पुढल्या रईवारी जरा लवकर ये, दहा मान्सं यायची हाईत."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण खोलीतला रविवार आठवला आणि मी "येते" म्हणाले.