खुंटीवरचा कोट

आधी तळहात भिंतीला लावायचा, मग पाठ, मग हळूहळू घसरत उंबऱ्याशी बसायचं. नीट बसून झालं की म्हणायचं, "टेकतू जरा, मास्तर." तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, काम उरकल्यावर परवानगी मागणारी.

इस्लामपुरात मी शाळामास्तर होतो आणि हे माझे शेजारी. एका भिंतीच्या अल्याड मी, पल्याड ते. नोकरी देवी टोचायची. लढाईचे दिवस, सायकलीला टायर मिळेना, म्हणून खेडोपाडी पायीच. ते गावात शिरले की पोरं "देवी डागदर आला" म्हणून उसात पळत आणि हे बांधावर पेटी ठेवून वाट बघत बसत. "कवातरी भूक लागंलच की," म्हणायचे. मी त्यांना मामा म्हणायचो. शाळेतून येऊन मीही दमल्याचं नाटक करत असे, पण मामा दारात दिसले की ते आवरतं घ्यावं लागे.

बायको वारलेली. एकुलती एक मुलगी आष्ट्याला दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून मामा आणायला गेले आणि हात हलवत परत आले. विहिणीनं विचारलं होतं, बाज कुठं टाकणार, ट्रंकेवर?

विहीण चुकीचं बोलली नव्हती. मामांची एकच खोली. तिच्यात दोन ट्रंका, जोंधळ्याचं पोतं, वळकट्या आणि बायकोची सगळी भांडी. भांडी मोडीत घाला म्हटलं तर मामा ऐकूच येत नसल्यासारखं करायचे. उरलेल्या जागेत ते स्वतः पाय दुमडून निजायचे.

"पोरगी काय बोलली न्हाई," मामा म्हणाले. "नुस्ती दारापतूर आली."

मी म्हणालो, "मामा, भिंत आख्खी मोकळी आहे. एक रुंद फळी ठोकली की सगळा संसार वर."

"तुमास्नी येतंय?"

"त्यात काय यायचंय?"

या वाक्यानं मी आयुष्यात बऱ्याच वस्तू कामातून घालवल्या आहेत. भिंतीवरचं घड्याळ त्यातलंच.

खिळे बाजारातून गायब होते. मग बाभळीच्या लांब खुंट्या तासल्या. तासताना अंगठाही थोडा तासला. फळी म्हणून गोठ्याच्या मोडक्या दाराचं फळकट मिळालं. रविवारी दुपारी मी स्टुलावर चढलो. मामा खाली स्टूल धरून, म्हणजे खरं तर स्टुलाला टेकून. पहिली खुंटी लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी मामांना म्हणालो, हात बसला की असंच होतं. दुसरी तर त्याहून सरळ. तिसऱ्या ठोक्याला दारात माझी बायको उभी.

"तुमची सुतारकी आपल्या घरात आलीय," ती शांतपणे म्हणाली. "गणपतीची तसबीर पडली. काच तेवढी वाचली."

जाऊन पाहिलं. ज्या भिंतीला मी इतकी वर्षं भिंत समजत होतो, ती तिथं नुसता काट्याकुट्यांचा कूड होती, वरून मातीनं लिंपलेला. दोन खुंट्या माझ्या घरात वीतभर डोकावत होत्या. मी उपटायला निघालो, तर मामांनी हात धरला. त्यांचा चेहरा बघवेना. उपटल्या तर भोकं पडतील, भोकं पडली तर घरमालक ओरडेल, आणि बाज मात्र आष्ट्यालाच राहील.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तुमी तिकडनं धरा, मी हिकडनं ठेवतू."

शेवटी तसंच केलं. माझ्या बाजूला खुंट्यांच्या टोकांना भोकं पाडून आडव्या पाचरी मारल्या. पलीकडं फळी चढली, तिच्यावर ट्रंका, भांडी, वळकट्या चढल्या. पोतं खाली कोपऱ्यात राहिलं. पाचरी कुरकुरल्या, पण धरून राहिल्या. बायकोनं एका खुंटीवर माझा शाळेचा कोट अडकवला आणि म्हणाली, काहीतरी उपयोग झाला तुमचा.

मुलगी आली. मधोमध बाज पडली. मामांची बहीण आटपाडीहून आली आणि नात झाली. मामा सुट्टी टाकून दारात बसून राहिले. पाच-सहा दिवसांनी भीत भीत मला म्हणाले, "हिला मीच टोचनार, पर हात कापंल असं वाटतंय."

महिना दीड महिन्यानं मुलगी सासरी निघाली. जाताना म्हणाली, "आबा, जागा आशीच ठिवा. पुढल्या खेपंला लागंल."

मामांनी ते शब्दशः घेतलं. बाज उचलली, पण तेवढी जमीन रिकामीच ठेवली. सारवायचे, त्यावर पाय द्यायचे नाहीत. स्वतः पुन्हा पोत्याशी, पाय दुमडून. मी म्हणायचो, मामा, पसरा की जरा. "पोरीची जागा हाय ती," एवढंच.

संध्याकाळी फेरीवरून आले की ते देवीची पेटी वर फळीवर ठेवत. इकडं माझा कोट हलायचा. बायको म्हणायची, मामा आले, चहा टाकते. मग दारात तळहात दिसायचा.

लढाई संपली, टायर मिळू लागले, पण मामांना आता सायकल चालवायची नव्हती. पावसाळ्यात ताप घेऊन आले. वारं लागावं म्हणून आम्ही त्यांचं अंथरूण मधल्या जागेत ओढलं. शुद्धीवर आल्यावर कुठं निजलोय हे त्यांनी बघितलं आणि सरकायला लागले. मी धरलं.

"जरा टेकलू हितं," ते म्हणाले. "तिला सांगू नगा."

मुलीला निरोप गेला. तिला दिवस गेलेलेच होते, दुसऱ्यांदा. ती पोचली तेव्हा मामांना नेऊन झालं होतं.

दहावं-तेरावं झाल्यावर तिनं खोली आवरली. मी माझ्या खोलीत बसून ऐकत होतो. ट्रंका उतरल्या, भांडी उतरली. दर वेळी कोट थोडा हलायचा आणि थांबायचा. शेवटी कचेरीत परत द्यायची देवीची पेटी तेवढी फळीवर राहिली असावी, कारण बराच वेळ पलीकडं काहीच वाजलं नाही. मग कोट एकदा हलला.

बायको सवयीनं चुलीकडं वळली होती. ती तिथंच थांबली.