दाराबाहेर थांबणाऱ्या मॅडम

लोणावळ्याच्या आमच्या मॅडम बोलावल्याशिवाय कुणाच्याही घरात पाऊल टाकत नसत. त्या लहान मुलांच्या डॉक्टर. पवनानगरच्या वरच्या अंगाला ठाकर आदिवासींच्या वस्तीवर तपासायला गेल्या, की झोपडीला धड दार नसलं तरी बाहेर उभ्या राहून विचारायच्या, "येऊ का आत?" एकदा एक आजी वैतागली. "आवो बाई, दर खेपंला काय इचारता? या की आत!" मॅडम हसल्या. "आजी, घर तुमचं आहे. मी औषधांची पिशवी घेऊन आलेली पाहुणी."

आम्ही तेव्हा वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला होतो. मॅडम दरवर्षी चार-पाच विद्यार्थ्यांना आफ्रिकेत, मलावीला, सेवापथकात नेत. पण ज्याला तिकडे यायचंय त्यानं आधी वर्षभर रविवारी मावळातल्या वस्त्या चढायच्या, ही त्यांची अट. आम्ही कुरकुरत चढायचो. कुणी तिकडे मोठ्या शस्त्रक्रिया करायला मिळतील अशी स्वप्नं बोलून दाखवली, की त्या शांतपणे म्हणायच्या, "जे इथं करायची तुम्हाला परवानगी नाही, ते तिथंही करायचं नाही. ती माणसं तुमच्या सरावासाठी जन्माला आलेली नाहीत."

मलावीत पुरानं घरं गेलेल्या लोकांची छावणी होती. ताडपत्रीचे तंबू, वर ऊन, आणि जुलाबाची साथ. आम्ही मुलांची वजनं घ्यायचो, साखर-मिठाचं पाणी कालवायचो. एका सकाळी तिथली नर्स ग्रेस धावत आली. टोकाच्या तंबूत एक लहान मुलगा जुलाबानं सुकत चालला होता आणि त्याची आई कुणाला आत येऊ देत नव्हती. आदल्याच आठवड्यात तिच्या थोरल्या मुलीला उपचारासाठी उचलून नेलं होतं. ती परत आलीच नव्हती.

आम्ही पोचलो. ताडपत्रीआडून पोराचं क्षीण कण्हणं ऐकू येत होतं. मी पुढे होऊन पडदा धरला. मॅडमनी माझा हात बाजूला केला, ग्रेसकरवी आत यायची परवानगी मागितली. आतून एकच शब्द आला. ग्रेसनं मान हलवली. नाही.

मॅडम तिथंच चिखलात बसल्या.

"मॅडम, पोर जाईल!" मी जवळजवळ ओरडले.

"कळतंय मला. पण आपण घुसलो तर ती त्याला घेऊन पळेल. मग नक्की जाईल." तेवढा घाबरलेला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मग त्या ग्रेसच्या तोंडून बोलत राहिल्या. औषधाचं नव्हे, गेलेल्या मुलीचं विचारत होत्या. नाव काय, केस कसे होते, काय खायला आवडायचं. आतून रडणं ऐकू आलं. मग पडदा हलला आणि ती बाई पोराला छातीशी धरून बाहेर आली. तिनं मूल आमच्या हाती दिलं नाही. स्वतःच मांडीवर घेऊन बसली. मॅडमनी वाटी-चमचा तिच्याच हातात दिला आणि दुपार कलेपर्यंत शेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी पोरानं लघवी केली, म्हणजे अंगात पाणी टिकू लागलं, तेव्हा ग्रेसनं टाळ्या वाजवल्या.

चिसोमो त्याचं नाव. तो वाचला.

पुढे मी बालरोगतज्ज्ञ झाले. आता पथक घेऊन मी जाते. मॅडम खंडाळ्याला भावाकडे असतात. त्यांना आठवत नाही फारसं. गेल्या महिन्यात भेटायला गेले, तर ओळखलं नाही, पण शेजारी बसवून घेतलं. मी त्यांना मलावीची ही गोष्ट सांगितली. त्या लहान मुलीसारख्या कान देऊन ऐकत होत्या. मध्येच माझं मनगट घट्ट धरलं. "मग? आली का ती बाहेर?"

"आली, मॅडम. पोरही वाचलं."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "ती डॉक्टर कोण होती गं? भली बाई असणार."

"होती," मी म्हटलं, "खूप."