मैदान, मशीन आणि साळ्याची अंगठी

अमरावतीत राजापेठेकडून आमच्या गल्लीत वळलं की कोणालाही विचारा, "ते मशीनवाले कुठं राहतात?" शेंबडं पोरगंही दार दाखवेल. मशीन म्हणजे धातू शोधायचं यंत्र. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, आणि जमिनीत धातू असला की 'कुईं'. आवाज असा, की पलीकडच्या मोहल्ल्यातली कुत्री उठून रांगेत उभी राहायची. मी ते ऑनलाइन मागवलं तेव्हा बायकोनं खोकं पाहून एवढंच विचारलं, "झाडू मारते काय हे?"

रोज सकाळी मी मैदानं धुंडाळायचो. सोन्याच्या आशेनं जायचो आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचं घेऊन यायचो. बुचं इतकी, की सोड्याचा एखादा बंद कारखाना पुन्हा सुरू झाला असता. शिवाय कंपासपेटीतलं कर्कटक, एकटं पैंजण, आणि एक फार प्राचीन चमचा, ज्याला चिवडा अजून चिकटलेला होता. बायको म्हणते तो चिवडा आदल्याच दिवशी मी तिथं बसून खाल्ला होता. बायकोला संशोधनातलं काही कळत नाही.

असाच एका रविवारी बूच उकरत होतो, तर अकोल्याहून साळ्याचा फोन.

"भाऊजी, मशीन घेऊन अकोल्याले या. आत्ताच्या आत्ता!"

"काऊन बाप्पा, का झालं?"

"अंगठी मैदानात गेली! सासऱ्यानं धोंड्याच्या महिन्यात घातली होती थे. अन् सासरेबुवा दुपारी दर्यापूरहून येऊन राह्यले, रोडगे खायाले."

मी हातातलं बूच तिथंच टाकलं. लग्नात दिलेलं घड्याळ साळ्यानं हरवलं, तेव्हा हे सासरे वर्षभर त्याच्याशी भिंतीकडे तोंड करून बोलले होते. आता अंगठीही गेली म्हटल्यावर त्यांना बोलायला अकोल्यातल्या भिंती पुरल्या नसत्या.

मी मशीन खांद्यावर टाकून एसटीत चढलो. कंडक्टरनं ते खालीवर न्याहाळलं.

"का हाय काका हे?"

"सोनं हुंगते."

"मंग अर्धं तिकीट लागन त्याले."

अकोल्यात पोचलो. मैदानाच्या कडेला मारुतीचं देऊळ, देवळामागं गोवऱ्यांचा विस्तव आणि त्यात रोडगे, म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे, भाजत होते. साळ्याच्या घरचा हा दरसालचा नेम. रोडगे पुरुषांनीच करायचे, पहिला मोठा रोडगा मारुतीचा, आणि नैवेद्य झाल्याशिवाय त्याला कोणी बोट लावायचं नाही.

साळा घामानं निथळत होता. "सकाळी पीठ मळलं, तेल लावून रोडगे वळले. मंग पोरं म्हणे, काका बॉल टाका. मी हात असा फिरोला अन् गेली थे उडून!"

त्यानं हात फिरवून दाखवला. त्या जोरानं गेली असती तर अंगठी मुर्तिजापूरच्याही पुढं शोधावी लागली असती. पण त्याची बायको पदराचं टोक चावत उभी होती. "भाऊजी, कसंबी करा. बाबांची नजर पह्यले बोटावरच जाते."

मी कामाला लागलो. मशीन ओरडायचं, मी खणायचो, बूच निघायचं, भोवतालचे टाळ्या वाजवायचे. दुपारपर्यंत मी निम्मं मैदान उलथं केलं. शेतीच्या विद्यापीठातलं कोणी तिकडून गेलं असतं तर उभ्या उभ्या नांगरटीचं बक्षीस माझ्या गळ्यात पडलं असतं. अंगठी काही निघाली नाही. मी थकून विस्तवाशेजारी टेकलो. तिथं राखेतून काढलेला मारुतीचा रोडगा पत्रावळीवर ठेवला होता. मी मशीन बाजूला आडवं केलं, आणि चकती त्या रोडग्याजवळ गेली मात्र...

कुईं!

मी पुन्हा फिरवली. पुन्हा कुईं.

"बह्याडा!" मी साळ्याला म्हणालो. "पिठात गेली थे! अन् तू मले बॉलिंग सांगून राह्यला!"

साळा रोडग्यावर झेपावला. त्याच्या बायकोनं फटकन त्याच्या हातावर मारलं. "मारुतीचा हाय तो! नैवेद्याच्या आंधी हात लावान तं पाहा!"

"मंग नैवेद्य झाला का मीच मोडतो, तिकडं कोपऱ्यात नेऊन," साळा कुजबुजला.

तेवढ्यात ऑटो थांबला. पांढरंशुभ्र धोतर, भरघोस मिशा, सासरेबुवा उतरले. साळ्यानं हात जो खिशात घातला तो आरतीतही बाहेर काढला नाही. एका हातानं टाळ्या वाजवणारा माणूस मी तिथंच पाहिला.

नैवेद्य झाला. साळा प्रसादाकडे सरकला, पण सासरेबुवांनी त्याला अडवलं. "मी वडीलधारा असतानी प्रसाद तुमी मोडता का, जवाईबुवा?" आणि त्यांनी रोडगा स्वतः उचलून मोडला.

वाफेचा लोट आला. लोटाच्या मधोमध अंगठी.

सासरेबुवांनी अंगठीकडे पाहिलं, जावयाच्या खिशाकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. मी मनातल्या मनात परतीची एसटी किती वाजता ते आठवू लागलो.

"गुप्तदान!" त्यांनी अंगठी उचलून कपाळाला लावली. "लाडवात रुपया लपवून देनारे पाह्यले मी. रोडग्यात सोनं नाई पाह्यलं! अन् कोनाले एक सबद नाई! घड्याळबी असंच देल्लं असन तुमी, अन् मी येडा वर्षभर भिंतीसंगं बोललो!"

साळ्यानं तोंड उघडलं. त्याच्या बायकोनं मागून चिमटा घेतला.

"हाव," साळा म्हणाला. आवाज वासरासारखा निघाला.

सासरेबुवांनी जावयाला छातीशी धरलं, पाठ थोपटली, आणि पुण्याचं काम लांबायला नको म्हणून अंगठी स्वहस्ते मारुतीच्या दानपेटीत सोडली. टण्ण.

मग जेवणं झाली. वरणात चुरलेला रोडगा, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. सासरेबुवा इतके खुशीत जेवले की उठायला दोघांचा आधार लागला, आणि लिंबाच्या सावलीत लवंडताच घोरू लागले. माझ्या मशीनचं कौतुक कोणी एका शब्दानं केलं नाही.

साळा हळूच उठला. मशीन उचललं आणि देवळात गेला. मी मागोमाग गेलो. दानपेटीपाशी उकिडवा बसून त्यानं चकती पेटीला टेकवली.

कुईं.

"का करता जी?" पुजाऱ्यानं आतून विचारलं.

"काई नाई," साळा म्हणाला. "आवाज आयकून राह्यलो."