पाच किलोच्या आत

माझी ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि साठ वर्षांनी मोठी असल्यासारखी वागते. लहानपणी तिने मला 'ठोंब्या' म्हणायला सुरुवात केली. आता माझे केस पांढरे झाले तरी चारचौघांत तीच हाक असते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे आणि मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय असं कुणाला वाटायला नको.

ताईने सव्वीस वर्षं श्रवणयंत्रं दुरुस्त केली. एकच कंपनी, एकच टेबल, एकच भिंग. तिच्या पन्नाशीत यंत्रं बदलली, त्यांच्या पोटात छोटे कॉम्प्युटर आले, तेव्हा ही बाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रॅम लिहायला शिकली. वर्गातली मुलं तिला काकू म्हणायची आणि गृहपाठ तिचाच बघून उतरवायची.

टेबलावर तिची एक वही असे. गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. 'सून बोलली की पत्रा वाजतो.' 'घड्याळ ऐकू येतं, नातू ऐकू येत नाही.' यंत्र नीट झालं की गिऱ्हाइकाने सही करायची आणि मगच तक्रारीवर काट मारायची. "गिऱ्हाईक चुकत नाही, त्याला शब्द सापडत नाहीत," असं ती म्हणते. निवृत्त होताना कंपनीने तिला घड्याळ दिलं. तिने वही मागून घेतली.

मी गिटार वाजवतो. पाच जणांचा आमचा बँड आहे, दर शनिवारी हॉटेलांच्या हॉलमध्ये वाजवतो. माझ्या पायाशी नऊ डब्या असत. पायाने कळ दाबली की एक डबी आवाज खरखरीत करते, दुसरी त्याचा प्रतिध्वनी काढते, तिसरीने तो विहिरीतून आल्यासारखा घुमतो. तीस वर्षं एकेक जमवलेल्या. तारा, डब्या जडवायची पट्टी आणि सगळं ठेवायची पेटी धरून सोळा किलो.

मग माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. कधीपर्यंत, असं विचारलं तर म्हणाले, "जिवंत आहात तोपर्यंत." गिटार पिशवीसकट चार किलो भरते. उरला एक किलो.

पुढचे तीन कार्यक्रम ड्रमरने माझी पेटी उचलली. बँड त्याचाच आहे. स्वतःचे ड्रम चढवून तो परत खाली यायचा आणि माझी पेटी घेऊन धापा टाकत वर जायचा. मी रिकाम्या हाताने मागून. चौथ्या वेळी त्याने मला बाजूला घेतलं.

"माझंही वय झालंय रे," तो म्हणाला. "चार महिने सुट्टी घे. तोवर बदली माणूस वाजवेल. नव्या हंगामाच्या पहिल्या तालमीला तुझा आवाज तू स्वतः उचलून आण. नाही जमलं तर मी त्यालाच कायम करतो. राग मानू नकोस."

राग मानला. पण त्याचं बरोबर होतं. दुकानात नऊ डब्यांचं काम एकटीने करणाऱ्या तयार पेट्या मिळतात, त्यातली एक आणून पाहिली. तिच्यात दोनशे आवाज होते आणि माझा एकही नव्हता. ती परत करून ताईकडे गेलो आणि तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून सरळ सांगून टाकलं की माझं वाजवणं संपलं.

ताई भाजी निवडत होती. "एक किलोत काय काय यायला हवं?" तिने विचारलं.

"नऊ डब्या."

"डब्या नकोत, त्यांचे आवाज सांग. कानाच्या मशीनमध्ये मी दुसरं काय करत होते? आवाज आत घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, आकड्यांवर गणित करायचं, पुन्हा आवाज करून सोडायचा. तिथे वाटाण्याएवढ्या जागेत बसवायचे. तू तर मला कंपासपेटीएवढी जागा देतोयस."

भाजी तशीच राहिली. ती आतून वही घेऊन आली आणि नव्या पानावर तारीख घालून तिने लिहिलं: 'गिऱ्हाईक: ठोंब्या. तक्रार: पेटी उचलवत नाही.'

त्या दिवसापासून भावोजींचं जेवणाचं टेबल गेलं. ते बिचारे ताट मांडीवर घेऊन बाल्कनीत जेवू लागले. "लग्नात मला विचारलं असतं ना, हुंडा म्हणून एक टेबल मागितलं असतं," असं मला म्हणायचे. ताई माझी एकेक डबी उघडायची, तिच्यात माझ्याच गिटारीचा आवाज सोडायची, बाहेर काय येतं ते मोजायची आणि तसंच गणित बांधायची. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या सर्किट बोर्डाचा नकाशा तिने महिन्याभरात काढला आणि दहा बोर्ड छापून मागवले.

ते आले आणि घोळ झाला. आवाजाचे आकडे करणारी जी चिप होती, तिचे अठ्ठावीस पाय बोर्डावर बसेनात. उजवे पाय डावीकडे, डावे उजवीकडे. ताईने बोर्ड उलटा करून पाहिला आणि ती कपाळावर हात मारून हसायला लागली. दुरुस्ती करणारा माणूस जन्मभर बोर्ड उलटा धरून, कथलाचे डाग दिलेल्या बाजूनेच बघतो. सव्वीस वर्षांच्या सवयीने तिने नकाशातही ती चिप खालून दिसते तशीच काढली होती.

"नवे मागव," मी म्हणालो.

"मागवलेच. तीन आठवडे लागतील. तोवर काय माशा मारू?"

तिने चिप उताणी चिकटवली, पाय वर, आणि केसाएवढ्या तारांनी एकेक पाय खाली जोडला. भिंगाखाली दोन दिवस लागले. भावोजी येऊन बघून गेले, "हे झुरळ मेलंय की झोपलंय?" झुरळ जिवंत होतं. त्या उताण्या चिपवर ताईने पुढचे तीन आठवडे माझे नऊ आवाज एकामागून एक बसवले. नवे, सरळ बोर्ड आले तेव्हा प्रोग्रॅम तयार होता. ॲल्युमिनियमच्या पेटीत तो बोर्ड, वर तीन कळा आणि सहा बटणं. वजन चारशे दहा ग्रॅम. तालमीला अठरा दिवस उरले होते.

मी गिटार जोडली आणि वाजवली. आवाज माझाच होता. खरखर माझी, विहीर माझी. तरी काहीतरी बिनसलं होतं. बोटं पुढे चालली होती आणि आवाज मागून, पाय ओढत येत होता. ताई समोर स्टुलावर वही घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती, बोटांवर डाग द्यायच्या कावियाचे चटके होते. माझ्याच्याने खरं सांगवेना.

"मस्त आहे," मी म्हणालो.

"सही कर."

मी पेन घेतलं. तिने वही मागे ओढली.

"हा चेहरा मी सव्वीस वर्षं बघितलाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "म्हातारी माणसं मुलाचं मन राखायला 'छान ऐकू येतं' म्हणतात. मुलगा खूश होऊन घरी जातो. मशीन कपाटात जातं. आणि ते माणूस मरेपर्यंत बहिरं राहतं. मी त्यातल्या एकालाही तसं जाऊ दिलं नाही. आणि तू, माझा सख्खा भाऊ, मला फसवतोस?"

"ताई, तू इतकी राबलीस..."

"मी राबले ते माझं मी बघेन. तू तक्रार सांग."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. रडतच सांगितलं, "उशिरा येतो. मी वाजवतो आणि तो नंतर येतो."

तिने ते तसंच लिहून घेतलं, मोजलं आणि कागद माझ्यापुढे टाकला. उशीर होता तो सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा. "स्पीकरपासून बारा फुटांवर उभा राहिलास तरी एवढाच उशीर होतो," ती म्हणाली.

"बारा फुटांची मला सवय आहे. हा त्याच्यावर आणखी आहे."

मला वाटलं आता वाद घालेल. तिने मान डोलावली. "गिऱ्हाईक चुकत नाही," ती स्वतःशीच पुटपुटली आणि मग मला समजावून सांगितलं. चिप दोनशे छप्पन्न आकडे जमेपर्यंत थांबते, मग सगळ्यांचं गणित एकदम करते. घाणा मोठा, म्हणून पहिल्याला ताटकळावं लागतं. घाणा लहान करायचा. पण तसं केलं की चिपला गणिताला वेळ पुरत नाही आणि आवाज फुटतो. म्हणजे गणितच नव्याने लिहायला हवं होतं, तेही अठरा दिवसांत.

तिने ते लिहिलं. बंद असलेल्या आवाजांचं गणित चिप उगाच करत होती, ते थांबवलं. घुमणाऱ्या आवाजाचं गणित सगळ्यांत जड होतं, ते तीनदा फाडून चौथ्यांदा जमवलं. रोज सकाळी मी जायचो, वाजवायचो आणि तोंडावर खरं सांगायचो. 'फुटतो.' 'कमी फुटतो.' 'विहीर आटली.' 'विहीर आली, पण पत्र्याची आहे.' वहीची तीन पानं भरली. माझ्या प्रत्येक तक्रारीने तिचा उत्साह वाढायचा आणि मला अपराधी वाटायचं. तालमीच्या आदल्या दिवशी घाणा बत्तीसवर आला. उशीर पूर्वीच्या एक अष्टमांश. मी अर्धं गाणं वाजवल्यावर भावोजी बाल्कनीतून ओरडले, "पाय बघा त्याचा, पाय!" माझा पाय ताल धरत होता.

तरी ताईने सही घेतली नाही. "घरात सगळेच बरे ऐकतात," ती म्हणाली. "उद्या मी येते."

तालमीची खोली टायरच्या दुकानामागे आहे. बदली माणूसही आला होता, गिटार पिशवीतच ठेवून कोपऱ्यात बसला होता. ताई दाराजवळ खुर्ची ओढून बसली, मांडीवर वही. ड्रमरने काठ्या आपटून चार मोजले आणि आम्ही सुटलो. सलग पाच गाणी झाली. पाचवं संपलं तेव्हा ड्रमरने घाम पुसला आणि बदली माणसाकडे वळून म्हणाला, "मित्रा, तुझा नंबर माझ्याकडे आहेच." मग मला म्हणाला, "शनिवारी सहाला ये."

ताईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पेनचं टोपण काढून तिने मला विचारलं, "तक्रार?"

"आहे," मी म्हणालो.

ड्रमरने डोळे मोठे केले.

"सांग."

"कळ दाबली की पेटी फरशीवर पुढे सरकते. पाचही गाणी मी तिच्यामागे पाय घेऊन पळतोय. फार हलकी झालीय."

तिने माझा चेहरा निरखला. "खरं बोलतोयस ना?"

"ताई, तुझं मन राखायचं असतं तर 'मस्त आहे' म्हणालो असतो."

तिने मान खाली घालून लिहिलं, 'तक्रार: फार हलकी आहे.' लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचलं. मग ती हसली आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. तिची नोकरी सुरू झाल्यापासून मी तिला कुणाच्या देखत डोळे पुसताना पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पेटीच्या बुडाला लोखंडी पट्टी बसवली, पट्टीखाली रबर चिकटवलं आणि गिटार, पेटी, तार, चार्जर असं सगळं भावोजींच्या टेबलावर वजनकाट्याने तोललं. चार किलो नऊशे साठ ग्रॅम.

"चाळीस ग्रॅम उरलेत, ठोंब्या. उधळू नकोस," ती म्हणाली आणि वही पुढे केली.

मी सही केली. शनिवारी पाठीवर गिटार आणि हातात पेटी घेऊन मी हॉलच्या पायऱ्या चढलो. ड्रमर मदतीला पुढे आला, त्याला नको म्हणालो. त्याच्यामागे ताई हात पुढे करून उभी होती. तिलाही नको म्हणालो.