कोकराचा पाय

पास्टरनं मला सगळ्या मंडळीसमोर उभं केलं आणि विचारलं, “तुमचं लेकरू किती महिन्यांचं होतं, ताई?”

“अकरा,” मी म्हणाले.

“ऐकलंत?” तो मंडळीकडं वळला आणि एक गोष्ट सांगू लागला. एक कोकरू होतं. सारखं कळपातून पळायचं. शेवटी मेंढपाळानं त्याचा पाय मोडला. मुद्दाम. मग पाय बांधून त्याला खांद्यावर घेऊन फिरला. पाय बरा होईपर्यंत कोकराला मालकाची सवय झाली, पुन्हा ते कधी पळालं नाही. “ह्या बहिणीचा पाय देवानं असाच मोडला,” पास्टर म्हणाला. “तिची मुलगी नेली, म्हणून ती आज इथं उभी आहे. सगळे आमेन म्हणा.”

पन्नास-साठ माणसं आमेन म्हणाली. पत्र्याचं शेड दणाणलं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मीही म्हणाले. माझ्या लेकीच्या मरणाला, माझ्याच तोंडानं.

खाली बसले तेव्हा शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. तिला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते. मला खटकलं होतं. मी मेंढरं राखणाऱ्या घरातली. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. कोकराचा पाय मोडणारा मेंढपाळ मी जन्मात बघितला नव्हता.

संशय माझ्या अंगातच आहे. रानात झुडूप हललं की आमच्याकडं आधी लांडगा समजतात, मग ससा. माणसांच्या बाबतीतही माझं तसंच.

लेक गेली ती तापानं. आमचं गाव झरीच्या पुढं. भर दुपारी तिचे डोळे फिरले. गावातल्या दवाखान्याला कुलूप. मोठ्या शेतकऱ्याच्या दारात जीप उभी होती. मी लेकरू घेऊन त्यांच्या ओसरीखाली उभी राहिले. “वर या” असं कुणी म्हणालं नाही. आतून निरोप आला, “डायव्हर न्हाई.” दोन तास गेले, मग टमटम मिळाली. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, उशीर केलात. संध्याकाळी तीच जीप मानवतला लग्नाला गेली. हे मला नंतर कळलं.

त्या दवाखान्यात शेजारच्या खाटेजवळ शकूमावशी होती. आजारी बहिणीपाशी बसलेली. तिनं माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. नुसता माझा हात धरला आणि डोळे मिटून पुटपुटत राहिली. मी डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होते. हिला काय पाहिजे असेल, हेच डोक्यात. तिला काही नको होतं. ते पटायला मला सहा महिने लागले. मग मी तिच्यासोबत रविवारी ह्या शेडमध्ये यायला लागले.

गावात हापशावर बाया विचारायच्या, “काय दिलं गं त्यांनी तुला?” शेडमध्ये बाया विचारायच्या, “घरात देव्हारा हाय का अजून?” दोन्हीकडं माझ्यावर डोळा. नवऱ्यानं मात्र अडवलं नाही. तो म्हणायचा, “रविवारी मेंढरं मी बघतो. जा तुझ्या देवाकडं.”

कोकराची गोष्ट ऐकली त्या दिवशी घरी आल्यावर मी सासऱ्यांना विचारलं. ते दावणीपाशी बसून दोरी वळत होते. ते खंडोबाला मानणारे, पण माझ्या प्रार्थनेबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

“मामा, पळणाऱ्या कोकराचा पाय मोडतेत का कोन?”

“कोन म्हनायलंय असं?”

“परभणीत एकजण.”

त्यांनी दोरी खाली ठेवली. “पाय मोडल्यालं कोकरू आईमागं जाईल का? दूध कसं पेईल? दोन दिसांत मरंल. कोकरू पळायलंय तर त्याच्या आईला जवळ बांधायचं. मग ते कुठं जातंय?” मग दोरी पुन्हा उचलत म्हणाले, “त्यो मानूस मेंढरं राखतो का खातो, ते इचार आधी.”

मला हसू आलं. लेक गेल्यापासून पहिल्यांदा.

मी सातवी शिकलेली. शकूमावशीनं दिलेलं शास्त्र, म्हणजे बायबल, मी रानात न्यायला लागले. कापूस वेचून झालेल्या रानात मेंढरं सोडायची आणि बांधावर बसून वाचायचं. जिथं मेंढरू, कोकरू, मेंढपाळ असा शब्द दिसला, तिथं बोट ठेवून दोन-दोनदा वाचलं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट सापडली. मालक शोधायला जातो, खांद्यावर घेतो, आनंद करतो. पाय धडधाकट. मोडलेल्या पायाचं मेंढरूही एके ठिकाणी सापडलं. पण तिथं देव पाय मोडणारा नव्हता, बांधणारा होता. आणि मेंढरं न राखता त्यांना खाणाऱ्या मेंढपाळांवर तो भडकला होता. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि मोठ्यानं रडले. मेंढरं माना वर करून बघायला लागली.

माझा विश्वास वाढला तो तिथं, बांधावर. तोवर मी दुसऱ्याच्या बोटाला धरून चालत होते.

पुढं बाप्तिस्म्याचं ठरलं. नदीवर, रविवारी. सहाजणांची नावं होती, त्यात माझं. मी किती वाट बघितली होती त्या दिवसाची, ते माझं मला माहीत. नवं लुगडं घेतलं नाही, पण आहे ते दोनदा धुतलं. मोठ्या शहरातून पाहुणे येणार होते, म्हणून शुक्रवारी दुपारी साक्षीची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, तालीम ठेवली. पास्टरनं प्रत्येकाला कागद दिला. कुणी काय बोलायचं ते त्यानंच लिहिलेलं. माझ्या कागदावर होतं, देवाने माझी मुलगी घेतली आणि मला मार्गावर आणले.

“हे मी म्हणणार न्हाई,” मी म्हणाले.

“का?”

“शास्त्रात कुठं हाय ते दाखवा. कोकराचा पाय मोडल्याचं बी दाखवा. मी समदं हुडकलंय.”

तो हसला. मग हसू गेलं. “तुला इथं येऊन वर्ष झालं. माझे आजोबा, माझे वडील ह्या कामात गेले. आता मेंढरांमागं फिरणारी बाई मला शिकवणार?”

मंडळीसमोर मी ताई होते. आता मेंढरांमागं फिरणारी बाई झाले. ओसरीखाली उभी होते तेव्हाही हेच तर होते.

“मेंढरांमागं फिरते म्हणूनच सांगायलेय,” मी म्हणाले. “पाय मोडल्यालं कोकरू जगत न्हाई. आन माझी लेक देवानं नेली न्हाई. ती तापानं गेली. दवाखान्याला कुलूप हुतं, आन दारात जीप असून दिली न्हाई. त्यांनी केल्यालं तुमी देवाच्या माथी मारायलाव.”

मागून एकजण म्हणाला, “खाली बसा, बाई.” मी बसले नाही. पास्टरनं यादी काढली आणि माझं नाव खोडलं. माझ्यादेखत. “तुझ्यात संशयाचा आत्मा आहे,” तो म्हणाला. “तो जाईपर्यंत बाप्तिस्मा नाही. पुढच्या वर्षी बघू.”

बाहेर आले तर शकूमावशी चपला शोधत होती. आत ती मान खाली घालून बसली होती, त्याचा मला राग होता. तिनं माझ्याकडं न बघताच सांगितलं, “मला बी असंच म्हनाय लावलं हुतं. मालक गेले तवा.”

“मग?”

“म्हनले मी. बारा वर्सं झाली. तवापासून देवाची भीतीच वाटायलीय.”

मला तिचा राग राहिला नाही. भीती मात्र वाटली. मी तो कागद वाचला असता, तर बारा वर्षांनी मीही अशीच चपला शोधत उभी राहिले असते, आपल्याच देवाला भिऊन.

रविवारी मी नदीवर गेले. काठावर उभी राहिले. पाचजण पाण्यात उतरले, पाहुण्यांनी फोटो काढले. एका पाहुणीनं विचारलं, “तुम्ही नाही?” म्हटलं, “माझं नाव खोडलंय. का खोडलं ते पास्टरसाहेबांना विचारा.”

त्यानंतर एकही रविवार मी चुकवलेला नाही. शेडमध्ये पुढं बसते, शास्त्र मांडीवर उघडं. पास्टरनं त्यात नसलेलं काही सांगितलं की विचारते, कुठं आहे. बाया आता माझ्याजवळ बसत नाहीत. नाही बसल्या तर नाही. हा विश्वास मला कुणी दिला नाही, त्यामुळं कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

मला पाण्यात उतरायचं आहे. त्यासाठी जन्मभर थांबावं लागलं तरी थांबेन. पण माझं लेकरू देवानं मारलं, असं म्हणून उतरणार नाही.